उतरती लय

ठोक्याबद्दल लोक एकच गोष्ट सांगतात: सख्खा भाऊ मार खात होता आणि हा बसून ड्रम वाजवत होता. गोष्ट खरी आहे. ठोक्याने ती कधी नाकारली नाही. पण काठावर उभं राहून पाण्याची खोली सांगणारे पुष्कळ असतात, म्हणून मी ती पहिल्यापासून सांगतो. सावकाश सांगतो. घाईने सांगितलेली गोष्ट आणि पत्र्याच्या सांध्याला घाईने लावलेला डाख, दोन्ही गळतात.

ठोक्याचा बाप पत्र्याचं काम करायचा. बादल्या, नरसाळी, चाळण्या, कपड्यांच्या पेट्या. पत्रा काय नि पोरं काय, ठोकल्याशिवाय आकाराला येत नाहीत, असं त्याचं मत होतं आणि तो मताला पक्का होता. त्या हाताखाली दोघं भाऊ वाढले. थोरल्याच्या हातात ठोका आला. डोळे मिटून पत्र्यावर एक टिचकी मारली की जाडी किती ते तो सांगायचा. धाकट्याच्या हातात मात्र स्वर आला, तो कुठून आला देव जाणे. शाळेतल्या मोडक्या बाजाच्या पेटीवर तो कुठलंही गाणं एकदा ऐकून उतरवायचा. त्याची बोटं लांब आणि पातळ होती. बाप म्हणायचा, "ही बोटं कात्री धरायची नाहीत. ही उपाशी मरायची बोटं आहेत."

बाप गेला तसे दोघं शहरात आले आणि एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर, लाउंजमध्ये वाजवायला लागले.

तो काळ आता कुणाला सांगून पटत नाही. तेव्हा बऱ्या हॉटेलात जिवंत माणसं वाजवायला बसलेली असायची. गाजलेली गाणी रेडिओवर लागली की आठ दिवसांत ती लाउंजमध्ये वाजली पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात. लालभडक मखमलीचे कोच, त्यांना सिगारेटची भोकं. कोपऱ्यात प्लास्टिकचं माडाचं झाड, त्याला दोन प्लास्टिकचे नारळ. काचेच्या हौदात तीन सोनेरी मासे. वर आरशाच्या तुकड्यांचा गोळा गरगर फिरतोय. जाड पडद्यांमुळे भर दुपारीसुद्धा दिव्यांचा उजेड. आणि समोर ही चौकडी, जांभळ्या चकचकीत कोटात, झालरीच्या सदऱ्यात, गळ्याला रबरावर बसवलेला बो. लांबून राजे दिसायचे. जवळून अस्तर फाटलेलं.

चौघं म्हणजे ड्रमवर ठोक्या, ऑर्गनवर धाकटा, सॅक्सोफोन फुंकणारे वयस्कर मास्तर आणि गाणारी. गाणारीला अकरा भाषांत गाता यायचं आणि एका भाषेत भांडता यायचं. परदेशी गाण्यांचे शब्द ती कॅसेट ऐकून वहीत आपल्या अक्षरांत लिहून घ्यायची. एकदा एका पाहुण्याने तिला विचारलं, "बाई, तुम्ही आत्ता जे गायलात त्याचा अर्थ काय?"

ती म्हणाली, "अर्थ खाली स्वयंपाकघरात मिळतो. इथे फक्त चाल मिळते."

हे झालं वरचं रंगकाम. आतला पत्रा वेगळाच होता. त्या लाउंजमध्ये बसणारी माणसं दगडखाणीची, ट्रकांची, वाळूची. पेल्यात बर्फ विरघळायच्या आत त्यांचं डोकं पेटायचं. ठोक्याने तिथे सहा वर्षांत काय काय पाहिलं! एका वेटरचा कान बाटलीच्या काचेने अर्धा उतरलेला पाहिला. एका जाड माणसाचं तोंड कोचाच्या लाकडी हातावर, दार वाजवावं तसं, पुन्हा पुन्हा आपटलेलं पाहिलं. गालिच्याचा रंग मुळातच लाल ठेवलेला होता. मॅनेजर मोठा हुशार माणूस.

मॅनेजरचा हुकूम एकच. "मारामारी झाली की आवाज वाढवायचा. खालच्या मजल्यावर संगीतच ऐकू गेलं पाहिजे."

आणि मास्तरांचा नियम त्याहून पक्का. "वाजवणाऱ्याच्या अंगाला कुणी हात लावत नाही." हा नियम मास्तर पुढच्या दाताची किंमत देऊन शिकले होते. पूर्वी एका हॉटेलात भांडण पेटलं तेव्हा ते सॅक्सोफोन काखेत मारून उठले, आणि कुणाची तरी खुर्ची त्यांच्या तोंडावर बसली. ते सांगायचे, "उठलो म्हणून दात गेला. फुंकत बसलो असतो तर मी त्यांना दिसलोच नसतो. वाजवणारा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाला कोण मारतं?"

सहा वर्षं हा नियम खरा ठरला. डोक्यावरून बाटल्या गेल्या, पण वाजवणाऱ्याला ओरखडा नाही. ठोक्याच्या हाडात तो नियम मुरला.

आता त्या लाउंजमधली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. मोठं गिऱ्हाईक जिना चढून आलं की चालू गाणं सोडून त्याच्या आवडीचं गाणं धरायचं. याला सलामी म्हणायचे. सगळ्यांत मोठी गिऱ्हाइकं दोन. खडीवाला आणि ट्रकवाला. खडीवाल्याच्या दगडखाणी होत्या, मान रेड्यासारखी, आणि त्याला आवडायचं एक संथ, उसासे टाकणारं प्रेमाचं गाणं. ट्रकवाल्याला आवडायचं धावतं, टाळ्या पिटायला लावणारं नाचाचं गाणं. जिन्याकडे तोंड फक्त ठोक्याचं. धाकटा जिन्याकडे पाठ करून बसायचा. म्हणून ठोक्या ड्रमच्या कडेवर काठीने खूण द्यायचा. दोन टिचक्या म्हणजे खडीवाला, तीन म्हणजे ट्रकवाला. धाकटा खुणेसरशी गाणं बदलायचा.

त्या दिवशी रविवार होता, दुपारच्या जेवणाची वेळ. आठच दिवसांपूर्वी ट्रकवाल्याच्या माणसांनी खडीवाल्याच्या मेहुण्याला रस्त्यात गाठून त्याच्या पायांवरून ट्रक नेला होता. दोन्ही पाय मांडीपासून कापावे लागले. शहरात लोक खालच्या आवाजात बोलत होते.

जिन्यावर खडीवाल्याचं डोकं दिसलं. ठोक्याने दोन टिचक्या दिल्या. नेमका त्याच क्षणी वेटरच्या तबकातून बर्फाचा चिमटा बँडपाशी उघड्या फरशीवर पडला. टक्. धाकट्याने तीन मोजल्या.

आणि ऑर्गनवर ट्रकवाल्याचं गाणं सुरू झालं.

इथे कुणीही म्हणेल, ठोक्याने तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. पण बँडवाल्यांचा अजून एक कायदा असतो. एक चुकला की सगळ्यांनी त्याच्याबरोबर चुकायचं. चौघं मिळून चुकले की ती चूक राहत नाही, तेच गाणं होतं. ठोक्याच्या डोक्यात विचार यायच्या आत हात धाकट्याच्या मागे धावले. मास्तरांचा सॅक्सोफोन आला. गाणारीने टाळ्या धरल्या. अगदी थाटात, दुष्मनाचं गाणं खडीवाल्याच्या तोंडावर वाजलं.

खडीवाला वरच्या पायरीवर थांबला. हसला. मग सरळ ऑर्गनपाशी आला.

"कुणाचं रे हे गाणं?"

धाकट्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "चुकलं, साहेब."

"माझा मेहुणा तिकडे कमरेपर्यंतच उरलाय, आणि तुझं चुकलं?" त्याने धाकट्याचा बो धरून ओढला. रबर हातभर ताणलं, तुटलं आणि फटकन धाकट्याच्या डोळ्यावर बसलं. पलीकडच्या कोचावर कुणीतरी हसलं. त्या हसण्याने घात केला. "किती दिले त्याने तुला, हे वाजवायला? हां? फोड्या!"

फोड्या म्हणजे खडीवाल्याचा माणूस. गाणारीच्या समोरचा माइक त्याने उचकटून फेकला आणि खालचा लोखंडी दांडा उपसून घेतला.

पहिला घाव खांद्यावर बसला. धाकटा स्टुलावरून खाली आला. दुसरा पाठीत. तिसरा फासळ्यांत, आणि त्या तिसऱ्या घावाचा आवाज ठोक्याने ओळखला. जाड पत्रा वाकतो आणि पातळ फाटतो; हा फाटल्याचा आवाज होता. दारात मॅनेजर दोन्ही हात खालून वर नेत उभा होता. वाढवा, आवाज वाढवा. मास्तर डोळे मिटून फुंकत होते. आणि ठोक्याचे हात चालूच होते. ते त्याने चालवले नव्हते. ते चालत होते.

चौथ्या घावाला त्याच्या ध्यानात आलं. दांडा त्याच्या ठोक्यावर पडत होता. एक, दोन, तीन, चार, आणि एकला घाव. पुन्हा एक, दोन, तीन, चार, पुन्हा एकला घाव. फोड्याने पंधरा वर्षं खाणीत मुकादमाच्या मोजणीवर दगड फोडला होता. वीस घण एकाच वेळी उठायचे, एकाच वेळी पडायचे. मोजणी चुकली की शेजाऱ्याचं डोकं जायचं. त्या माणसाचा हात ठेका ऐकल्याशिवाय उठतच नव्हता. त्याला ते ठाऊक नसेल, पण पत्रेवाल्याच्या पोराला कळलं.

ठोक्या पुढे मला नेहमी सांगायचा, "त्या क्षणी मी दोन गोष्टी जाणल्या. एकदम थांबलो तर त्याचा हात मोकळा सुटेल, मग तो कसाही मारेल. आणि लय उतरवली तर हात उतरेल."

त्याने लय उतरवायला घेतली. केसाएवढी. फोड्याला जाणवेल इतकी एकदम नाही. मास्तरांना कळलं, त्यांनी सूर लांबवले. घोडा दौडीवरून दुडक्या चालीवर आला. पाचवा घाव, आणि मग जरा दम. धाकट्याने उजव्या हाताने डोकं झाकलं होतं. सहावा घाव त्या हातावर पडला. बोटं खालच्या फरशीवर चेचली गेली. धाकटा ओरडला नाही. तोंडातून नुसती हवा निघाली.

गाणारीने गाणं सोडलं. मधोमध सोडलं, अर्ध्या शब्दावर. उंच टाचांची चप्पल पायातून काढून ती फोड्याच्या अंगावर धावली आणि तिने त्याच्या तोंडावर, मानेवर, हाताला येईल तिथे हाणायला सुरुवात केली. फोड्याने उलट्या हाताने तिला झटकलं. ती काचेच्या हौदावर जाऊन आदळली. हौद फुटला. पाणी, काच, मासे, सगळं गालिच्यावर. तिच्या दंडातून रक्ताची धार लागली. कोचावरची माणसं पाय वर घेऊन बसली, बुटात पाणी जाऊ नये म्हणून.

ठोक्या उतरत गेला. सातवा घाव कानशिलावर बसला. आठवा ओझरता. आता दोन ठोक्यांच्या मधे माणसाने श्वास घेऊन सोडावा इतकी जागा होती. फोड्याने दांडा वर नेला आणि तो ठोक्याची वाट बघत उभा राहिला. ठोक्याने काठी हवेत धरली ती धरलीच. खाली आणली नाही. मास्तरांचा सूर संपला. लाउंजमध्ये नुसता पाण्याचा आवाज. फोड्याचा हात हळूहळू खाली आला. त्याने धापा टाकत मालकाकडे पाहिलं. खडीवाला म्हणाला, "बस." आणि ते जिना उतरून गेले.

धाकटा वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, डावा कान कायमचा बंद झाला, जबडा तारेने बांधावा लागला. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन बसले असते तर मला बोलावायचं कामच नव्हतं." हे वाक्य ठोक्याने जपून ठेवलं.

चौकडी मोडली. गाणारी दंडाला टाके घेऊन दुसऱ्या शहरात गेली. वर्षभरात हॉटेलवाल्यांनी लाउंजमध्ये गाणी वाजवणारं यंत्र आणून बसवलं. त्याला कोट लागत नव्हता, आणि आवाज वाढवायला त्याचं एक बटण पुरत होतं. बाकीच्या हॉटेलांचंही तेच झालं. जांभळे कोट जुन्या बाजारात गेले.

भाऊ परत बापाच्या दुकानात आले. ठोक्या कापायचा, ठोकायचा. धाकटा डाव्या हाताने पत्र्यावर खुणा आखायचा. दोघं एका ताटलीतून जेवायचे, एका छपराखाली झोपायचे, आणि त्या दुपारबद्दल कधी एक अक्षर बोलायचे नाहीत. लोक मात्र बोलायचे. कुणी कामात अंग चोरलं की म्हणायचे, "बसलाय बघ ठोक्यासारखा ताल धरून." ठोक्या ज्याला त्याला समजावून सांगायचा: फोड्याचा हात, मोजणी, उतरवलेली लय. काहींना पटायचं, काही मान हलवायचे. त्याचं काय? त्याला सगळ्या जगाकडून नकोच होतं. त्याला धाकट्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं: दादा, मी लय उतरलेली ऐकली.

ठोक्याची बायको म्हणायची, "मग विचारा की एकदा. घरातलाच आहे, परका आहे का?"

"विचारून मिळालं तर ते माझंच बोलणं झालं," ठोक्या म्हणायचा.

अशी अकरा वर्षं गेली.

मग एका सकाळी मास्तर आले. म्हातारे झाले होते, दात सगळेच नवे, हसले की पांढरेशुभ्र. बाहेरगावी जाता जाता वाकडी वाट करून आले होते. धाकट्याच्या बायकोने चहा आणला. इकडचं तिकडचं झालं. ठोक्या भिंतीजवळ बसून पत्रा कापत होता. धाकटा खाली बसून खुणा आखत होता, बरा कान मास्तरांकडे करून.

मास्तरांना वाटलं, आपण आलोच आहोत तर चांगलं बोलून जावं. चांगलं बोलायची हौस फार वाईट. ते म्हणाले, "तुला सांगतो बाळ, तुझ्या दादाने त्या दिवशी जे वाजवलं तसं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. काय उतरवली लय! तू आज बसला आहेस तो त्याच्या मनगटामुळे." आणि समोरच्या ताज्या पत्र्यावर ते दोन बोटांनी वाजवायला लागले. धावतं. मग जरा कमी. मग अजून कमी. "असा घोडा खाली आणला, बघ. असा..."

धाकटा उठला. त्याने डाव्या हातात लाकडी हातोडा घेतला. मास्तर वाजवतच होते. धाकट्याने पहिला तडाखा ठोक्याच्या मांडीवर दिला, दुसरा बरगडीवर. ठोक्या भिंतीला टेकला. त्याने हात वर केले नाहीत. तिसरा गळ्याजवळच्या हाडावर बसला आणि हाड कडकन मोडलं. मास्तर ओरडले, "अरे, मारशील त्याला!" धाकट्याची बायको मधे पडली, तिला त्याने खांद्याने बाजूला सारलं. डाव्या हाताचे घाव, वाकडेतिकडे, कधी दोन लागोपाठ, कधी उशिराने एक. कुणालाही मोजता आले नसते. नरसाळ्यांची चळत कोसळली. ठोक्याच्या भुवईतून रक्त येऊन डोळ्यात गेलं. मग हातोडा धाकट्याच्या हातातून निसटला, दाराबाहेर जाऊन पडला, आणि तो मटकन खाली बसला.



"ऐकलं होतं मी," धाकटा म्हणाला. "मला काय सांगता? ऑर्गनवाला आहे मी. पाचव्यापासून लय उतरतेय हे मला जमिनीवर पडल्या पडल्या कळलं होतं."

ठोक्याने मान वर केली. "मग अकरा वर्षं बोलला का नाहीस रे?"

"काय बोलू? फार छान वाजवलंस, दादा? तू उठायला पाहिजे होतंस. ती बाई उठली."

"तिने काय थांबवलं? एक घाव तरी थांबला?"

"नाही थांबला. पण मी डोळा उघडला तेव्हा मला ती दिसली. चप्पल घेऊन." त्याने तुटक्या बोटांच्या हाताने तोंड पुसलं. "आणि तिच्या पलीकडे तू दिसलास. बसलेला."

 मोडक्या हाडामुळे ठोक्याचा हात मांडीवर लोंबत पडला होता. फोड्याचा हात, खाणीतली मोजणी, डॉक्टरांचं वाक्य, सगळं त्याच्या ओठांशी येऊन परत गेलं असावं. शेवटी तो म्हणाला, "उठायचं सुचलंच नाही रे मला. लय उतरवायचं सुचलं, ते नंतर. चौथ्या घावाला. त्याच्या आधीचे तीन मी नुसताच वाजवत होतो."

"हां," धाकटा म्हणाला. "आता कसं बोललास."

तो उठला. खुंटीवरचं उपरणं ओढून त्याने ठोक्याच्या गळ्यातून घातलं, हात त्यात अडकवला, आणि एका हाताने नि दातांनी गाठ मारायला लागला. गाठ बसेना. पुन्हा सुटली. मास्तर घाईने पुढे झाले, "दे इकडे, मी बांधतो."

"राहू द्या, मास्तर," धाकटा गाठ दातात धरूनच म्हणाला. "तुम्हीपण वाजवतच होता."